उंचीच्या भीतीवर व्हीआर गेमचा सराव: आभासी फळीपासून खऱ्या बाल्कनीपर्यंत

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१८ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंचीला घाबरणारी १०० माणसं त्यात होती. सरासरी ३० वर्षं ही भीती त्यांच्या मानगुटीवर बसलेली होती आणि तिच्यावर कुणीच उपचार घेत नव्हतं. त्यातल्या निम्म्या लोकांना व्हीआर हेडसेट (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांभोवती आभासी जग उभं करणारं उपकरण) घालून एका आभासी १० मजली इमारतीत सोडलं. इमारतीच्या मधोमध तळापर्यंत मोकळी जागा, भोवती मजल्यामजल्यावर कठडे. कामं दिली ती अशी: झाडावर अडकलेलं मांजर उतरवा, कडेला उभं राहून झायलोफोन वाजवा, कठड्यावरून चेंडू खाली फेका. शेवटी तर एका देवमाशावर बसून त्या पोकळीतून तरंगत जायचं होतं. सूचना द्यायला हेडसेटमधलीच एक आभासी मार्गदर्शक होती. दोन आठवड्यांत मिळून प्रत्येकाचा सराव झाला साधारण २ तासांचा, आणि त्या गटाची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली.

हे वाचून अनेकजण हेडसेट विकत किंवा उसना आणतात, फळीवर चालण्याचा गेम लावतात, किंचाळतात, हसतात, मित्रांना व्हिडिओ पाठवतात, आणि महिन्याभराने मॉलच्या काचेच्या लिफ्टसमोर पुन्हा घाम फुटतो. गेम वाईट असतो म्हणून असं होत नाही. गेममध्ये असताना नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. हा लेख त्याबद्दल आहे. त्यातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: ज्या क्षणी हेडसेट काढून टाकावासा वाटतो, त्या क्षणी तिथेच थांबून पुढे काय होतं ते पाहणं हाच उपचार. बाकी सगळी त्याची तयारी.

हे नवं खूळ नाही

बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात हा उपचार कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर करून पाहिला. त्यांचा अहवाल १९९५ सालचा. उघडी लिफ्ट, बाल्कन्या आणि झुलते पूल अशी तीन आभासी ठिकाणं त्यांनी तयार केली होती. तेव्हाची चित्रं आजच्या साध्या मोबाइल गेमपेक्षाही ओबडधोबड होती, तरी विद्यार्थ्यांना घाम फुटत होता, गुडघे लटपटत होते. उपचार पूर्ण केलेल्या १० जणांपैकी ७ जण, कुणी सांगितलेलं नसताना, आपणहून खऱ्या उंच जागी जाऊन आले. यातून घरी सराव करणाऱ्याने एक घ्यावं: चित्र हुबेहूब असण्याची गरज नाही. मेंदूला ‘कडा आहे’ एवढा इशारा पुरतो.

२००२ साली ॲम्स्टरडॅममध्ये पॉल एमेलकॅम्प यांच्या गटाने व्हीआरमधला सराव आणि खऱ्या उंचीवरचा सराव यांची तुलना केली. दोन्ही सारखेच उपयोगी ठरले आणि सहा महिन्यांनंतरही परिणाम टिकून होता. २०१९ मध्ये तिथल्याच तारा डोंकर आणि सहकाऱ्यांनी मोबाइल आणि पुठ्ठ्याचा चष्मा एवढ्यावर घरच्या घरी करायचा कार्यक्रम १९३ लोकांमध्ये तपासला. तोही चांगलाच लागू पडला. मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो २०२१ चा बाझल विद्यापीठाचा अभ्यास. त्यांनी घरी ॲपवर सराव केलेल्या लोकांना झुरिकजवळच्या उटलीबर्गच्या खऱ्या मनोऱ्यावर चढायला लावलं. सराव केलेले लोक आधीपेक्षा जास्त वर चढले. शेवटी कसोटी लागते ती जिन्यावर आणि गच्चीवर, हे त्या अभ्यासाने धरून ठेवलं.

भीती टिकते कशी

उंचावर थोडं डळमळायला जवळजवळ सगळ्यांनाच होतं. आपण उभे असतो तेव्हा शरीर सतत किंचित झुलत असतं आणि डोळे जवळच्या स्थिर वस्तूंकडे बघून तो झोल सावरतात. कड्यावर किंवा उंच बाल्कनीत जवळ काहीच नसतं, सगळं दूर. झोल डोळ्यांना कळत नाही आणि पाय अधांतरी वाटतात. म्युनिकमधल्या थॉमस ब्रांट आणि सहकाऱ्यांनी हे बारकाईने तपासलं आहे. त्यांच्या गटाने जर्मनीत केलेल्या पाहणीत २८ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी उंचीचा असा त्रास झालेला आढळला. म्हणजे पाय लटपटणं हा तुमचा भित्रेपणा नव्हे, तुमच्या डोळ्या-कानांचं ते रोजचं काम आहे.

भीती वेगळी, ती यावर चढते. पाय डळमळले की मन म्हणतं, ‘आता तोल गेला.’ आपण दोन पावलं मागे सरतो. लगेच हायसं वाटतं. आणि त्या हायसं वाटण्यातच घात असतो, कारण मेंदू नोंद करतो की मागे सरलो म्हणून वाचलो. कठड्याजवळ उभं राहिलो असतो तरी पडलो नसतो, ही माहिती त्याला कधी मिळतच नाही. वर्षानुवर्षं असं झालं की आधी बाल्कनी सुटते, मग पादचारी पूल, मग वरच्या मजल्यावरचं नातेवाइकांचं घर.

व्हीआरचा फायदा इथे आहे. ती माहिती मेंदूला स्वस्तात, घरात बसून आणि हवी तेवढी पुरवता येते. खरा १० मजली कठडा रोज संध्याकाळी अर्धा तास कुठून आणायचा?

कुणी हे एकट्याने करू नये

चक्कर अगदी घरात, बिछान्यावर कूस बदलतानाही येत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तो कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा त्रास असू शकतो आणि त्यावर गेमचा काही उपयोग नाही. फेफऱ्याचे झटके येऊन गेलेले असतील, हृदयविकार असेल, गरोदरपण असेल, डोळ्यांची किंवा डोक्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट घालू नका. स्वतः उंचावरून पडण्याचा किंवा कुणाला पडताना पाहण्याचा प्रसंग भीतीच्या मुळाशी असेल, तर पहिल्या बैठका मानसोपचारतज्ज्ञांसोबतच कराव्यात असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट, जी लोक कुणापाशी बोलत नाहीत. कठड्यापाशी गेल्यावर ‘आपण उडी तर मारणार नाही ना’ असा विचार चमकून जातो. उंचीला घाबरणाऱ्या पुष्कळ लोकांना तो येतो, ज्यांना जगायचंच आहे त्यांनाही येतो, आणि तो विचार म्हणजे इच्छा नव्हे. पण मन बरेच दिवस उदास असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हा सराव बाजूला ठेवा आणि आजच बोला. टेली-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते.

लागणारं सामान

स्वतंत्र चालणारा, पावलांची हालचाल टिपणारा हेडसेट सर्वांत सोयीचा. मेटा क्वेस्टच्या कुठल्याही अलीकडच्या मॉडेलवर काम भागतं. वापरलेला, मित्राचा, ऑफिसमधला, काहीही चालेल. तो नसेल तर मोबाइल आणि साधा व्हीआर चष्मा घ्या. फक्त फोनमध्ये जायरोस्कोप (फोन कसा वळला ते ओळखणारा भाग) हवा. त्यात मान वळवली तर दृश्य वळतं, पण पाऊल टाकलं तर काही होत नाही, हे लक्षात ठेवून त्यात ३६० अंशांचे उंच जागांचे व्हिडिओ वापरायचे.

हेडसेटमध्ये दोन भिंगांतलं अंतर तुमच्या डोळ्यांप्रमाणे जुळवून घ्या. ते चुकलं तर दृश्य धूसर होतं, डोकं दुखतं, आणि माणूस त्या दुखण्यालाच भीती समजून बसतो. निदान दोन मीटर लांब-रुंद जागा मोकळी करा. टीपॉय, पायपुसणी, मुलांची खेळणी, चार्जरची वायर, सगळं हलवा. दार-खिडकी किंवा खरी बाल्कनी हाताच्या अंतरावर नको. हेडसेटमधली सीमारेषा चालू ठेवा.

एक फळी मिळवा. इंचभर जाडीची, फूटभर रुंद, दीड-दोन मीटर लांब. सुताराकडे पडलेला तुकडाही चालेल. तिच्याखाली सतरंजी टाका म्हणजे ती सरकणार नाही. ‘रिचीज प्लँक एक्सपीरियन्स’ या गेममध्ये खऱ्या फळीची लांबी-रुंदी आणि जागा आभासी फळीशी जुळवता येते. अनवाणी तळव्याला फळीची कड लागली की फरक कळतो. पण ही फळी नंतरच्या बैठकांसाठी आहे, पहिल्या दिवशी तिची गरज नाही.

हेडसेट घालायच्या आधीची वही

बहुतेकजण ही पायरी गाळतात, आणि नेमकी हीच गाळू नये.

समजा, एक सुनीताताई आहेत (नाव आणि माणूस, दोन्ही कल्पित). ठाण्यात १४ व्या मजल्यावर राहतात. बाल्कनीतले वाळलेले कपडे काढायला स्वतः जात नाहीत, मुलाला पाठवतात. पाहुणे बाल्कनीत चहा घेतात तेव्हा या स्वयंपाकघरातून हलत नाहीत. त्यांनी वहीत पहिलं वाक्य लिहिलं ते असं: ‘कठड्यापाशी गेले की पाय आपोआप पुढे ओढले जातील आणि मी पडेन. खात्री ७० टक्के.’

हे चांगलं वाक्य आहे, कारण ते तपासता येतं. ‘मला भीती वाटेल’ असं लिहून काही साधत नाही; भीती तर वाटणारच आहे. ‘मी बेशुद्ध पडेन’, ‘मला किंचाळण्यावाचून राहवणार नाही’, ‘धडधड वाढतच जाईल आणि थांबणारच नाही’, असं नेमकं काय होईल ते लिहा आणि त्यापुढे आपली खात्री टक्क्यांत मांडा. कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के यांनी गेल्या काही वर्षांत यावरच भर दिला आहे: भीती किती खाली आली यापेक्षा आपलं भाकीत किती साफ चुकलं, यातून मेंदू जास्त शिकतो.

मग भीतीला ० ते १०० असे गुण द्यायचे. ही पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्या काळापासून चालत आली आहे. शून्य म्हणजे सोफ्यावर निवांत, शंभर म्हणजे सहन होण्यापलीकडचं. प्रसंगांची एक चढण तयार करायची आणि आभासी व खरे प्रसंग एकाच चढणीत मिसळायचे. सुनीताताईंची चढण अशी दिसेल:

- गेममधल्या लिफ्टचं दार उघडं, आपण आत, मागच्या भिंतीपाशी: ३०
- सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याची खिडकी, खाली बघत: ४०
- लिफ्टच्या दारात, बोटं उंबऱ्यापर्यंत: ४५
- आभासी फळीवर दोन पावलं: ६०
- घरच्या बाल्कनीच्या दारात, कठड्याकडे तोंड करून: ६५
- आभासी फळीच्या टोकाला: ७५
- टोकाला उभं राहून मागे वळणं, वाकून खाली बघणं: ८५
- घरच्या बाल्कनीत कठड्यापाशी, खाली रस्त्याकडे बघत: ९०

सुरुवात ३० ते ४५ च्या मधल्या कुठल्याही पायरीने करा. अगदी १० गुणांच्या पायरीवर आठवडा घालवण्यात अर्थ नाही, आणि पहिल्याच दिवशी ९० ला भिडून ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ म्हणून हेडसेट कपाटात ठेवण्यातही नाही.

पहिली बैठक, जवळून

जेवून तासभर तरी झालेला असू द्या. आधी पाच मिनिटं उंची नसलेलं दृश्य बघा, नुसतं बाग किंवा समुद्रकिनारा. उपकरणाची सवय आणि उंचीची भीती यांची गल्लत होऊ नये म्हणून.

आता गेम लावा. लिफ्ट वर जाते. दारं बंद असतात तोवर फारसं काही होत नाही. मग दारं सरकतात आणि समोर शहर, मध्ये हवेत गेलेली एक अरुंद फळी. इथे शरीर आधी बोलतं, विचार मागून येतो. गुडघे किंचित वाकतात. पायाची बोटं जमिनीला घट्ट पकडल्यासारखी आत वळतात. एक हात बाजूला जाऊन भिंत शोधतो, आणि खऱ्या खोलीत तिथे भिंतच नसते. श्वास वरच्या वर अडकतो.

इथे फक्त तीन गोष्टी करायच्या. गुण मोठ्याने म्हणायचे: ‘पंचावन्न.’ नजर खाली न्यायची, आणि तिथे ठेवायची. आणि थांबायचं.

पहिलं मिनिट सर्वांत अवघड. बहुतेकदा गुण आधी वर जातात, ५५ चे ६५ होतात, तिथे रेंगाळतात. हेडसेट काढावासा वाटतो तो इथेच. दर मिनिटाला गुण म्हणत राहा. श्वास मुद्दाम संथ करायच्या भानगडीत पडू नका. तो येईल तसा येऊ द्या. धडधड होते आहे तर होऊ द्या, कारण ‘ती थांबणारच नाही’ हे भाकीतच आपण तपासतो आहोत. चार-सहा मिनिटांत बहुतेकांना पहिला उतार जाणवतो. नाही जाणवला तरी बैठक वाया जात नाही. १० मिनिटं उभे राहिलात आणि पडला नाहीत, बेशुद्ध झाला नाहीत, एवढंही वहीत लिहिण्याजोगं आहे.

हेडसेट काढायचा तो गुण निम्म्याच्या आसपास आल्यावर किंवा ठरवलेला वेळ पूर्ण झाल्यावर. भीती शिगेला पोचलेली असताना काढू नका. अगदीच असह्य झालं तर गेममध्येच एक पायरी मागे या, लिफ्टच्या आत उभे राहा, गुण थोडे उतरू द्या, मग बाहेर पडा. फ्रीमन यांच्या प्रयोगात एक बैठक ३० मिनिटांची होती. घरीही तेवढीच पुरे.

मळमळ मात्र वेगळी. तोंडाला पाणी सुटणं, ढेकर, गार घाम, डोकं जड होणं ही गतीमुळे होणारी मळमळ, आणि ती सोसून काहीच मिळत नाही. लगेच थांबा, उघड्या डोळ्यांनी बसा. कंट्रोलरच्या काडीने सरकत जाणाऱ्या गेममध्ये ती जास्त होते. स्वतःच्या पायांनी चालण्याच्या गेममध्ये बरीच कमी.

बैठक संपल्यावर वहीत तीन ओळी लिहायच्या: काय होईल वाटलं होतं, काय झालं, आता त्या भाकितावर किती खात्री आहे. सुनीताताईंचे ७० पहिल्या दिवशी ६० होतील, कदाचित ७०च राहतील. चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर तो आकडा खरा हलायला लागतो.

चोरवाटा

सराव नेटाने करूनही फरक पडत नसेल तर दहातल्या नऊ वेळा कारण इथे सापडतं, असा माझा अनुभव आहे. माणूस फळीवर उभा असतो, पण भीतीला चुकवत उभा असतो. नजर क्षितिजावर खिळवलेली. डोळे अर्धे मिटलेले. हेडसेटच्या नाकाजवळच्या फटीतून खोलीतली फरशी बघणं, ही तर फार लबाड सवय. मनात सतत ‘हे खोटं आहे, हे खोटं आहे’ असा जप. गाणी लावणं. पाय घासत घासत चालणं. कंट्रोलर मुठीत आवळून धरणं. बैठकीआधी आपल्याच मनाने घेतलेली शांत करणारी गोळी किंवा घोटभर दारू.

या सगळ्याचा परिणाम एकच: मेंदू श्रेय चोरवाटेला देतो. ‘मी खाली बघितलं नाही म्हणून वाचलो.’ गोळी डॉक्टरांनी रोजची म्हणून दिली असेल तर ती परस्पर बंद करू नका, त्यांच्याशी बोला. बाकीच्या चोरवाटा एकेक करून काढा. प्रत्येक चोरवाट सोडणं ही चढणीवरची स्वतंत्र पायरी समजा: तेच दार, तीच फळी, पण आज पाय उचलून टाकायचा, उद्या हात कमरेवर, परवा एका पायावर दोन क्षण.

सोबतीला कोण हवं, आणि त्याने काय बोलू नये

पहिल्या काही बैठकांना घरातलं एक शांत माणूस खोलीत हवं. काम दोनच: तुम्ही भिंतीवर आदळणार असाल तर थांबवणं, आणि तुम्ही म्हणाल ते गुण घड्याळाकडे बघून लिहिणं. नवरा असो, बहीण असो, कॉलेजातला मुलगा असो, त्यांना आधीच सांगून ठेवा की ‘अगं काही होत नाही’, ‘मी आहे ना’ ही वाक्यं नकोत. प्रेमापोटीच येतात ती, पण दर मिनिटाला धीर मिळाला की तो धीरही चोरवाट होऊन बसतो. मागून ढकलणं, हळूच पायाला हात लावणं, घाबरलेलं चित्रित करणं, हे करणाऱ्याला त्या खोलीत येऊच देऊ नका. अशा एका थट्टेने तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाऊ शकते. चौथ्या बैठकीपासून सोबतीने शेजारच्या खोलीत बसावं.

गेम कोणते, कधी

फळीचा गेम सुरुवातीला उत्तम, कारण त्यात करण्यासारखं दुसरं काही नाही. उंची आणि तुम्ही. त्याच गेममध्ये उडण्याचे आणि फळीवरून पडण्याचेही प्रकार आहेत. पडण्याच्या वाटेला जाऊ नका. तो रोमांच आहे, आपल्या वाक्याची तपासणी नव्हे, आणि मळमळ हमखास.

‘द क्लाइम्ब’ आणि ‘द क्लाइम्ब २’ हे कडे चढण्याचे गेम दिसायला देखणे आहेत, पण पहिल्या टप्प्यात मी ते सुचवत नाही. हात पुढची पकड शोधण्यात गुंतलेले आणि डोळे वर लागलेले असतात. खाली बघायची वेळच येत नाही. मधल्या टप्प्यात वापरा, तेही एका अटीवर: दर काही पकडींनंतर थांबायचं, एका हाताने लटकून खाली बघायचं, गुण म्हणायचे. हात उंच जातात, म्हणून डोक्यावरचा पंखा आधी बंद करा.

संगणकाला जोडायचा हेडसेट असेल तर ‘गूगल अर्थ व्हीआर’मध्ये शहरांच्या माथ्यावर तरंगता येतं. ३६० अंशांचे ट्रेकचे, टॉवरचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. एकच गेम घोटून पाठ करण्यापेक्षा तीन-चार वेगवेगळ्या जागा फिरून फिरून वापराव्यात. एकाच फळीवर निर्धास्त झालेला मेंदू म्हणतो, ‘ही फळी बरी आहे’. जागा बदलत राहिल्या की ‘उंची बरी आहे’ इथपर्यंत येतो. शेवटच्या टप्प्यात समोर टेबलफॅन ठेवा. तोंडावर वारा लागला की गुण पुन्हा दहा-पंधराने चढतात, आणि तेच हवं आहे.

आठवड्यातून तीन बैठका ठेवल्या तर साधारण महिन्याभरात बहुतेकांची आभासी चढण पूर्ण होते. कुणाला दोन आठवडे पुरतात, कुणाला दोन महिने लागतात.

खऱ्या जागी

व्हीआर संपल्यावर खऱ्या जागा, असा क्रम लावू नका. आभासी दारात उभं राहणं जमलं की त्याच आठवड्यात खरी जिन्याची खिडकी. हेडसेटमधलं शिकणं हेडसेटमध्येच अडकून पडण्याचा धोका असतो. लगेच जोडून केलेला खरा सराव तो टाळतो.

सुनीताताईंनी आधी बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसावं. मग उभं राहावं. मग कठड्याला हात लावून. मग हात सोडून. नंतर दोरीवरचा एक टॉवेल स्वतः काढावा. दुसऱ्या दिवशी पूर्ण दोरी. वही इथेही हवी, गुण इथेही म्हणायचे. बाहेरच्या जगात रेल्वे स्टेशनचा पादचारी पूल हा फार छान सराव आहे, गर्दीची वेळ सोडून: मधोमध थांबा, खालून एक लोकल जाऊ द्या, आणखी एक जाऊ द्या. स्कायवॉक, मॉलचा उघडा सरकता जिना, काचेची लिफ्ट या पुढच्या पायऱ्या.

खऱ्या जागेचा एक नियम आभासी जागेला लागू नसतो: कठडा छातीपर्यंत आणि भक्कम असला पाहिजे. कठड्यावर चढणं, बाहेर झुकणं, अर्धवट बांधलेल्या इमारतीची गच्ची, हे सरावात बसत नाही. घालवायची आहे ती सुरक्षित जागेची भीती. असुरक्षित जागेची भीती तुमच्या भल्याची आहे, ती राहू द्या.

ट्रेकर मंडळींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. दृष्टिभयामुळे (कड्यावरून खाली बघताना वाटणाऱ्या भीतीमुळे) अनेकांचे गड अर्ध्यावर राहतात, आणि व्हीआरचा सराव त्यांना खरोखर मदत करतो. पण लोहगडाच्या रुंद पायऱ्या आणि हरिहरचा कातळजिना यांत फरक आहे. हरिहरला जिना जवळजवळ उभा, आधाराला कातळात कोरलेल्या खोबण्या, वर-खाली माणसांची रांग, पावसाळ्यात शेवाळं. तिथे तोल जाणं हे खरं संकट आहे आणि कुठलाही गेम पकड शिकवत नाही. म्हणून आधी लोहगड, सिंहगड, राजगडाची रेलिंग असलेली बालेकिल्ल्याची वाट, कोरड्या हवेत, जाणत्या माणसांसोबत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं झोपून, कडेपासून शहाण्या अंतरावर, खाली बघण्याची पद्धत आहे. तीही एक सुरेख पायरी. हरिहर, कलावंतीण त्यानंतर, आणि लिंगाणा दोर-हार्नेससह, प्रशिक्षित गटासोबतच.

पुन्हा भीती वाटू लागली तर

वाटते. आजारपण, बाळंतपण, सहा महिने तळमजल्यावरचं राहणं, नाहीतर एखादी उंचावरची दुर्घटना बातम्यांत पाहिली की गुण वर जातात. शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं, जुनी भीती फक्त मोठ्याने बोलू लागते. चढणीवर दोन पायऱ्या खाली या आणि तिथून पुन्हा सुरू करा. दुसऱ्या वेळी वेळ कमी लागतो. महिन्यातून एकदा कुठल्यातरी खऱ्या उंच जागी मुद्दाम जायचं ठेवलं तर ही पाळी क्वचित येते.

सहा बैठकांनंतरही भाकितावरची खात्री जागची हलत नसेल, बैठकीच्या विचारानेच झोप उडत असेल, किंवा उंचीखेरीज गर्दी, प्रवास, लिफ्ट अशा आणखी जागा सुटत चालल्या असतील, तर तज्ज्ञांकडे जा. मानसशास्त्रज्ञ निवडताना सरळ विचारा: ‘तुम्ही वर्तनोपचार करता का? एक्सपोजर, म्हणजे भीतीच्या प्रसंगाला पायरीपायरीने सामोरं जाणं, करून घेता का, की फक्त बोलणं होतं? माझ्यासोबत खऱ्या जिन्यावर, पुलावर याल का?’ व्हीआर त्यांच्याकडे नसलं तरी बिघडत नाही. तुमची वही मात्र पहिल्या भेटीलाच सोबत न्या. त्यातली भाकितं, गुण आणि कुठल्या पायरीवर गाडी अडली हे वाचून त्यांना पुढचं ठरवणं सोपं जातं.